होडीची जमीन बदलण्याआधी ती उचलून बघा



आज आपण जुन्या शिडाच्या होडीतल्या लाकडी जमिनीविषयी बोलणार आहोत. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्याजणी म्हणतील, आमच्याकडे नदीच चार महिने वाहते, आम्हाला होडीचे काय? तरी ऐका. ज्या घरात लाकडी माळा आहे, मोरीच्या दाराला लाकडी चौकट आहे, त्या घरालाही यातले बरेचसे लागू आहे. लाकूड घरात असो की खाडीत, ते कुजण्याची कारणे तीच असतात.

विषय निघाला खाडीकाठच्या एका बचत गटाच्या प्रश्नावरून. पर्यटकांना फिरवण्यासाठी जुनी शिडाची होडी विकत घ्यायचा त्यांचा विचार आहे. बाहेरचा रंग चांगला, शीड धड, पण आतल्या ज्या फळ्यांवर माणसे पाय ठेवतात त्या झिजलेल्या. मिस्त्री म्हणतात, वरून प्लाय ठोकून देतो, दोन दिवसांत नवी कोरी दिसेल. खर्चही कमी. मग ठोकावा का?

आमचे सांगणे एवढेच, की आधी एकही खिळा ठोकू देऊ नका. ती जमीन उचला, खाली काय आहे ते डोळ्यांनी बघा आणि मगच पैशाचे बोला. असे का, ते आता सविस्तर सांगतो.

हा प्रश्न एकट्या त्या गटाचा नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून मुरूडच्या जंजिऱ्याकडे पर्यटक शिडाच्या होड्यांतून जातात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या महिला होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. होडी हे अनेक घरांचे पोट आहे. आणि तिच्यात बसणारी लेकुरवाळी, म्हातारी माणसे पायाखालच्या फळीवर विश्वास टाकून बसतात.

ही जमीन म्हणजे काय?

होडीचे बूड आणि होडीची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बूड म्हणजे पाण्याला टेकलेला बाहेरचा भाग. त्याच्या आतून माणसाच्या बरगड्यांसारख्या लाकडी फासळ्या असतात. फासळ्यांवर आडवे दांडे, आणि त्यांवर आपण ज्याला जमीन म्हणतो त्या फळ्या. बूड आणि जमीन यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते. लाटेचे, पावसाचे आणि सांध्यांतून झिरपलेले पाणी तिथे साचते. तांडेल डबा घेऊन उपसतो ते हेच पाणी.

या जमिनीचे काम आपला भार बुडावर न पडता दांड्यांवर आणि फासळ्यांवर वाटून देणे हे आहे. फळी मोडली आणि पाय थेट बुडाच्या फळीवर पडत राहिला, तर बुडाचे सांधे ढिले होतात. सांधे ढिले झाले की पाणी आत येते. म्हणून आतली जमीन ही नुसती सजावट नव्हे.

शिडाच्या होडीत आणखी एक महत्त्वाची जागा जमिनीखाली असते, ती म्हणजे डोलकाठीचे बूड. डोलकाठी जमिनीतून खाली जाते आणि होडीच्या मधल्या कण्यावर एका खाचेत बसते. वाऱ्याने शीड भरले की सगळा जोर त्या खाचेवर येतो. आणि पावसात काठीवरून ओघळणारे पाणीही तिथेच मुरते. म्हणजे सगळ्यात जास्त ताण आणि सगळ्यात जास्त ओल एकाच ठिकाणी. वरून प्लाय ठोकला की नेमकी हीच जागा झाकली जाते.

झिजणे वेगळे, कुजणे वेगळे

आपल्या उंबऱ्याला मधोमध खोलगट झीज पडते. लाकूड मात्र आत टणक असते. पायांनी, वाळूने घासून लाकूड पातळ होणे म्हणजे झीज. झिजलेली फळी वाईट दिसते, पण जाडी पुरेशी असेल तर ती काम करते.

कुजणे ही निराळी गोष्ट आहे. कुज ही एक प्रकारची बुरशी आहे. तिला लाकूड हे अन्न, आणि त्याबरोबर ओल व हवा लागते. लाकडात ओलाव्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर ती वाढत नाही. लाकूड कायम पाण्यात पूर्ण बुडालेले असेल तर हवा मिळत नाही, म्हणून तिथेही ती मंदावते. तिला आवडते ती मधली स्थिती, म्हणजे सतत दमट आणि वारा न लागणारी जागा. मोरीच्या दाराची चौकट आठवा. वर ठणठणीत, खाली बोटाने टोकरली तरी भुगा. होडीच्या जमिनीची खालची बाजू ही त्या चौकटीच्या खालच्या टोकासारखीच असते.

आता एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. लाकूड कुजवण्यात समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी जास्त वाईट. खारटपणात कुजीची बुरशी नीट वाढत नाही. आपण लोणच्यात मीठ घालतो ते याच कारणाने. पूर्वी परदेशात लाकडी जहाजे बांधताना सांगाड्याच्या पोकळीत मीठ भरून ठेवत. खाऱ्या पाण्यात बाहेरून लाकूड पोखरणारे किडे असतात, तो बुडाचा प्रश्न. आतल्या जमिनीचा शत्रू मात्र पावसाचे साचलेले पाणी.

म्हणूनच पावसाळ्यात वर ओढून ठेवलेली होडी जास्त बिघडते. वर झाप किंवा ताडपत्री असते, पण एखाद्या फटीतून पाणी गळत राहते, खाली साचते आणि आत वाराही खेळत नाही. होडी झाकताना दोन्ही टोकांना वारा जायला जागा ठेवा आणि जमिनीच्या काही फळ्या काढून बाजूला ठेवा. यात एक पैसाही खर्च होत नाही आणि फळ्यांचे आयुष्य वाढते.

तपासणी कशी करायची?

यासाठी दाभण, छोटी हातोडी, खडू आणि विजेरी एवढेच लागते. होडी किनाऱ्यावर असताना तपासा.

प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घाला. डावी-उजवी बाजू आणि नाळेकडचे टोक कोणते तेही लिहा, म्हणजे परत बसवताना गोंधळ होत नाही. मग एकेक फळी काढा आणि उलटी करून बघा. खिळ्यांभोवती, टोकांना आणि दांड्यावर टेकते त्या पट्ट्यावर काळे डाग आहेत का, पांढरे तंतू आहेत का, ओलसर बुरशीचा वास येतो का, हे बघा.

त्या जागी दाभण टोचा. चांगल्या लाकडात ते टोकापुरते रुतते आणि काढताना जोर लागतो. कुजक्या लाकडात लोण्यासारखे आत जाते. हातोडीने हलके ठोकून बघा. चांगली फळी खणखणीत वाजते, कुजलेली भद्द वाजते. ठोकून मडके पारखायची आपल्याला सवय आहेच.

फळ्या झाल्यावर दांडे, फासळ्या आणि डोलकाठीची खाच दाभणाने तपासा. शेवटी फासळ्यांच्या खालच्या अंगाची छोटी भोके शोधा. साचलेले पाणी एका खोलगट जागी वाहत यावे आणि तिथून उपसता यावे म्हणून ती ठेवलेली असतात. बहुतेक जुन्या होड्यांत ती चिखल, शिंपल्या, लाकडाचा भुगा यांनी बुजलेली असतात. ती काडीने मोकळी करा. पाणी साचते आहे तोवर नवी जमीनही जुनीच्या वाटेने जाणार.

दुरुस्ती करावी की बदलावे?

फळी फक्त झिजली असेल, दाभण रुतत नसेल आणि उभे राहिल्यावर ती वाकत नसेल, तर ती ठेवा. घासून तेल-रंग द्या. खालची बाजू चांगली असेल तर फळी उलटी करूनही वापरता येते.

फळी एकाच ठिकाणी कुजली असेल, तर ठिगळ लावता येते. पण कुज दिसते तिथपर्यंत कापून भागत नाही. तिचे तंतू पुढेही गेलेले असतात. दोन्ही बाजूंना वीतभर चांगले लाकूड लागेपर्यंत कापा. आणि एक नियम लक्षात ठेवा, ठिगळाची दोन्ही टोके दांड्यावर टेकली पाहिजेत. अधांतरी जोडलेले ठिगळ भाराने सुटते.

फळ्या बऱ्याच ठिकाणी मऊ लागत असतील, तर जमीन पूर्ण बदला. आणि फासळ्या किंवा डोलकाठीची खाच कुजली असेल, तर तो जमिनीचा प्रश्नच राहिला नाही. ते होडीच्या सांगाड्याचे मोठे काम आहे. होडी अजून विकत घेतली नसेल, तर अशा वेळी किंमत निम्मी झाली तरी घाई करू नका. दुसऱ्या, होडीशी संबंध नसलेल्या मिस्त्रींना दाखवा.

कुजलेल्या फळ्यांवर प्लाय, रेक्झिन किंवा प्लास्टिकची चटई टाकली की ओल खाली कोंडते. कुज थांबत नाही, उलट जोर धरते आणि दिसेनाशी होते. गळती बंद करायला तळात सिमेंट ओतणे हाही तसाच प्रकार. लाकूड फुगते-आकसते, सिमेंट तसे करत नाही. दोघांमध्ये फट पडते आणि पाणी तिथे मुरते.

लाकूड कोणते आणि किती?

साग उत्तम, कारण त्यातल्या तेलामुळे तो कुजीला दाद देत नाही. पण हा गुण गाभ्याच्या तपकिरी लाकडाचा आहे. सालीलगतचे पांढुरके लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते. फणस, ऐन, शिवण हीदेखील कोकणातली ओळखीची लाकडे आहेत. आंबा स्वस्त, पण ओलीत टिकत नाही. लाकूड कोणतेही घ्या, नीट वाळलेले आणि गाभ्याचे घ्या.

प्लाय घ्यायचा तर तो मरीन प्लाय असावा. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ७१० हा क्रमांक छापलेला असतो. साध्या फर्निचरचा प्लाय होडीत थर सुटून फुगतो. मरीन प्लायच्याही कापलेल्या कडा आणि भोके रंगाने किंवा इपॉक्सीने बंद करावी लागतात, कारण पाणी कडेनेच शिरते.

लाकडाचा हिशोब स्वतः करा. समजा जमीन ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे, म्हणजे ३२ चौरस फूट. फळी १ इंच जाड, म्हणजे फुटाचा बारावा भाग. ३२ भागिले १२ केले की सुमारे २.६७ घनफूट येते. कापताना वाया जाणारे पाचवा हिस्सा धरले तर सव्वातीन घनफुटांच्या आसपास. एवढ्याच जमिनीसाठी कोणी पाच घनफुटांचे बिल लावले, तर विचारायचा हक्क आपला आहे.

जाडी किती? जुन्या फळीच्या कडेला, जिथे पाय पडत नाहीत, तिथे मोजा. मूळची जाडी तीच. तेवढी ठेवा.

बसवताना

जुन्या फळ्या काम पूर्ण होईपर्यंत टाकू नका. होडीच्या कडा वळणाच्या असतात आणि जुनी फळी हाच त्या वळणाचा साचा आहे. ती फारच मोडकी असेल तर वर्तमानपत्र किंवा खोक्याचा पुठ्ठा अंथरून आकार उतरवून घ्या, ब्लाऊजचा कागद कापतो तसा.

पावसाळ्यात आपले दार फुगून चौकटीत अडकते. ते रुंदीला फुगते, उंचीला नाही. फळीही तशीच रुंदीला वाढते. उन्हाळ्यात वाळलेल्या फळ्या घट्ट चिकटवून बसवल्या तर ओल लागल्यावर त्या उचकटतात. म्हणून दोन फळ्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट सोडा. त्यातून वाराही खेळतो.

साधे लोखंडी खिळे खारट हवेत गंजतात आणि गंजासोबत भोवतालचे लाकूडही खराब करतात. पितळी स्क्रूतले जस्त खाऱ्या पाण्याने निघून जाते आणि ते ठिसूळ होतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, त्यातही ३१६ प्रतीचे समुद्रासाठी चांगले. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे स्क्रूची लांबी. तो फळीतून दांड्यात शिरावा, पण दांड्याच्या पलीकडे बुडात कधीही जाऊ नये. लांब स्क्रू बुडाला भोक पाडू शकतो. काम सुरू व्हायच्या आधी एक स्क्रू हातात घेऊन फळी आणि दांड्याच्या जाडीशी ताडून बघा.

सगळ्याच फळ्या स्क्रूने जखडू नका. मधल्या दोन-तीन फळ्या आणि डोलकाठीजवळची फळी सहज उचलता आली पाहिजे. तिला बोट घालायला भोक ठेवा आणि ती उसळू नये म्हणून दाराला लावतो तशी लाकडी फिरकी लावा. मोठ्या केबिनच्या बोटींतही हाच नियम असतो. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा लांबच्या प्रवासाच्या बोटींत जमिनीखाली पाण्याच्या टाक्या, नळ्या, झडपा असतात. आत पाणी शिरले तर ते कुठून येते हे जमीन उचलल्याशिवाय कळत नाही. भर समुद्रात पहार शोधत बसायला वेळ नसतो.

रंग, तेल आणि आपली तब्येत

घासायचे, खरवडायचे काम बहुतेक वेळा बायांकडे येते, म्हणून हे नीट ऐका. जुन्या होड्यांच्या रंगात आणि अस्तरात शिसे असू शकते. शेंदूर आणि सफेदा ही शिशाचीच रूपे, आणि दोन्ही लाकडाला लावत. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाविषयी खात्री देता येत नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक असते.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला खरवडा. तोंडाला पदर बांधून भागत नाही, एन ९५ मास्क लावा. गरोदर बाई आणि मुले त्या जागी नकोत. कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आणि काढलेल्या रंगीत फळ्या चुलीत कधीही घालू नका. त्यांचा धूर घरभर शिसे पसरवतो. आंघोळीच्या पाण्याचे सरपण म्हणून त्या घरी नेण्याचा मोह टाळाच.

लाकूड पूर्ण सुकल्यावर ते फळ्यांच्या चारही अंगांना, विशेषतः टोकांना आणि खालच्या बाजूला, तेल किंवा रंग द्या. दिसते तीच बाजू रंगवली तर निम्मेच काम होते. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावायची पद्धत आहे. ते चांगले काम करते, पण काजू फोडणाऱ्या मैत्रिणींना माहीत आहे, कातडीला लागले की फोड येतात. हातमोजे हवेतच. उकळलेले जवसाचे तेल लावले तर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळे पसरून वाळवा.

चकचकीत व्हार्निशचा मोह नको. ओल्या पायाने त्यावर घसरायला होते. रंगाचा हात ओला असतानाच चाळलेली कोरडी बारीक वाळू भुरभुरवा, वाळल्यावर सुटी वाळू झाडा आणि वरून आणखी एक हात द्या. पाय घट्ट टेकतो.

पैसे देण्याआधी

मिस्त्री अनेकदा घरातल्या पुरुषाशी बोलतात आणि बिल मात्र गटाच्या खात्यातून जाते. म्हणून गटातल्या निदान दोघींनी समोर उभे राहून हे विचारावे. जमीन उचलून खाली दाखवाल का? डोलकाठीची खाच दाभणाने तपासली का? पाण्याची भोके मोकळी आहेत का? लाकूड कोणते, किती घनफूट, प्लाय असेल तर त्यावरचा क्रमांक कोणता? कोणत्या फळ्या उचलता येतील? उत्तरे वहीत लिहा, खाली सही घ्या. काम होताना फोटो काढून ठेवा, कारण झाकल्यावर खालचे कोणाला दिसत नाही.

काम झाल्यावर लगेच प्रवासी बसवू नका. होडी एक-दोन दिवस पाण्यात ठेवा. जुने लाकूड फुगून सांधे आवळतात, तोवर थोडे पाणी येईल. त्यानंतरही पाणी तेवढेच येत राहिले तर मिस्त्रींना परत बोलवा. प्रवासी नेणाऱ्या होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो आणि किती माणसे बसवायची तेही त्यात ठरलेले असते. जमीन नवी झाली म्हणून तो आकडा वाढत नाही. जीवरक्षक जाकिटे माणशी एक, हेही विसरू नका.

पुढे मात्र महिन्यातून एकदा ती उचलता येणारी फळी काढा, विजेरी लावा, पाणी उपसा, भोके मोकळी करा आणि दाभण टोचून बघा. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम आहे. गटात पाळी लावली तर एकीवर भार येत नाही, आणि होडीचे बूड प्रत्येकीच्या ओळखीचे होते.

तुमच्याकडे होडी असेल, माळा असेल, लाकडी पूल असेल, आणि काही अडले तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.